रिमोट

उजवा हात लुळा पडल्यापासून रिमोट हाच आमच्या आबांचा उजवा हात. परवा तो रुसला. नवे सेल घातले, व्यर्थ! ‘आबा, तुम्ही बटण नीट दाबत नाही,’ मी खेकसलो. मग मित्राची युक्ती आठवली. मोबाईलच्या पुढच्या कॅमेऱ्यासमोर रिमोट धरून बटण दाबले. डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश मोबाईलवर जांभळट लुकलुकला. म्हणजे रिमोट धडधाकट होता!

पाहतो तो सेट-टॉप बॉक्सपुढे माझ्याच पुस्तकांची चळत. सुमारे ३६,००० किलोमीटरवरच्या उपग्रहाचा संदेश घरात पोचत होता. आबांची हाक मात्र चार हातांवर अडली होती.

पुस्तके उचलली. आबांनी मुकाट्याने बातम्या लावल्या. माझे खेकसणे मात्र माझ्याच कानांतून जाईना.