गंधकाशी की नत्राशी?

कवितेच्या तासाला एखादा विद्यार्थी विचारतो, "सर, या शब्दाचा नेमका अर्थ कोणता धरायचा?" तेव्हा मला एक फिकट पिवळी पूड आठवते. मराठीकडे वळण्यापूर्वी मी रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत अडीच वर्षे काढली; त्यांतला बराच काळ ह्या पुडीच्या सहवासात गेला. तिचे नाव २-मर्कॅप्टोबेंझोथायाझोल. गंधकाने रबर टणक करण्याची क्रिया वेगाने व्हावी म्हणून कारखान्यांत ती वापरतात. माझे काम वेगळे होते : तिची धातूंशी गाठ घालायची आणि ती गाठ कशी पडली ते सांगायचे.

'मर्कॅप्टन' हा शब्द डॅनिश रसायनज्ञ झाइसे याने १८३०च्या दशकात घडवला. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ 'पाऱ्याला धरणारे'. गंधकाची पाऱ्यावरची आसक्ती नावातच नोंदलेली. गंमत अशी, की आमच्या पुडीच्या बाबतीत हे नाव अर्धवटच खरे आहे. 'मर्कॅप्टो' म्हटले की हायड्रोजन गंधकावर असायला हवा. घनरूपात तो असतो नत्रावर, आणि गंधक दुहेरी बंधाने कार्बनला जोडलेला असतो. द्रावणात हायड्रोजन इकडून तिकडे ये-जा करू शकतो. नाव एका रूपाचे आणि वास्तव्य दुसऱ्या रूपात!

धातूभोवती ठरावीक संख्येने आणि ठरावीक दिशांनी इतर रेणू बसतात, हे आल्फ्रेड वेर्नरने १८९३ मध्ये मांडले. अशा बसणाऱ्या रेणूला लिगँड म्हणतात, मुळात 'बांधणारा'. आमच्या लिगँडला बांधण्यासाठी तीन हात : कड्यातला नत्र, कड्यातला गंधक आणि कड्याबाहेरचा गंधक. कड्यातला गंधक सहसा उदासीन असतो. चुरस उरते ती दोघांत. १९६३ मध्ये पिअर्सनने 'कठीण' आणि 'मृदू' अशी विभागणी सुचवली. पारा, सोने हे मृदू धातू मृदू गंधकाकडे झुकतात. माझ्या वाट्याला आला होता कोबाल्ट; तो सीमेवरचा, दोन्हींकडे जाऊ शकणारा.

अवरक्त वर्णपटात ३१०० च्या आसपासची नत्र-हायड्रोजनची पट्टी नाहीशी झाली, तेव्हा मला कोण आनंद झाला. मी ताबडतोब धातूपासून गंधकापर्यंत रेघ ओढली. वास्तविक त्या पट्टीच्या जाण्याने एवढेच कळते की हायड्रोजन गेला. त्याच्या जागी कोण आले, की दुसऱ्याच दाराने आले, हे कळत नाही. पण माझ्यापुढे असलेल्या बहुतेक निबंधांत रेघ गंधकाकडेच होती.

विभागातल्या एका चर्चासत्रात बाहेरून आलेल्या बाईंनी विचारले, "नत्राशी का नाही?" मी म्हणालो, "मॅडम, सगळीकडे असेच दाखवतात." त्या रागावल्या नाहीत. "मग स्फटिक मिळवा," एवढेच म्हणाल्या. स्फटिक मिळवणे म्हणजे द्रावण झाकून ठेवायचे आणि वाट पाहायची. प्रयोगशाळेत ह्याहून कंटाळवाणे आणि ह्याहून अधीर करणारे काम मला ठाऊक नाही. चार महिन्यांनी एका संयुगाचे स्फटिक हाती आले. क्ष-किरणांनी निकाल दिला : कोबाल्ट नत्राशी बांधलेला होता.

उरलेल्या दोन संयुगांची पूडच होत राहिली. मुदत संपत आली होती. एका आकृतीतली रेघ मी दुरुस्त केली. बाकीच्या दोन तशाच ठेवल्या. तुटक रेघ काढून शंका दाखवता आली असती, तशी पद्धतही आहे. पण तुटक रेघा परीक्षकांना खुपतील असे वाटले, आणि मार्गदर्शकांनाही ते मी विचारले नाही.

तो प्रबंध ग्रंथालयात आहे. निळ्या कापडी बांधणीचा. पान ६१ आणि ६४ वर गंधकाकडे जाणाऱ्या दोन अखंड रेघा आहेत, आणि त्या बरोबर आहेत की चूक हे मला आजही माहीत नाही.