आबांची येझदी: पाना हातात घेण्याआधी

पुणे

चि. मुक्ता हिस,


आबांची येझदी भंगारात द्यायची नाही, असं घरात ठरलं ते बरं झालं. तू पाठवलेली कामाची यादीही वाचली. तिच्यात पहिल्या ओळीवर रंग, दुसऱ्या ओळीवर क्रोम आणि अगदी तळाशी ‘इंजिन बघणे’ असं लिहिलं आहे. जुन्या गाड्या घरी उभ्या करणारे हौशी लोक बहुतेकदा याच क्रमाने जातात. टाकी आरशासारखी चकाकते, पैसे संपतात आणि गाडी पुन्हा गोणपाटाखाली जाते. तेव्हा यादी उलटी कर. आधी कागद, मग इंजिन, मग ब्रेक-टायर, मग वायरिंग, आणि काही उरलंच तर रंग.

गाडी कोणती आहे, तेही समजून घे. म्हैसूरच्या आयडियल जावा कंपनीत १९६१पासून चेकोस्लोव्हाकियाच्या जावा कंपनीच्या परवान्यावर मोटरसायकली बनू लागल्या. १९७३च्या सुमारास त्यांच्यावर येझदी हे नाव आलं आणि १९९६ साली कारखाना बंद पडला. आबांची गाडी १९७४ची, म्हणजे त्या नावाच्या सुरुवातीच्या काळातली. अडीचशे सीसीचं टू-स्ट्रोक इंजिन, सिलिंडर एक पण सायलेन्सर दोन. त्यात व्हॉल्व्ह नाहीत, टायमिंग चेन नाही, ऑइल पंपही नाही. ऑइल पेट्रोलमध्येच मिसळायचं. किक आणि गिअर एकाच दांड्यावर, आणि पायाने गिअर दाबला की क्लच आपोआप सुटतो. घरी बसून इंजिन शिकायचं असेल तर याहून सोपं यंत्र मिळणं अवघड.

आता कागद. आबा गेल्यानंतर गाडी कोणाच्याच नावावर झाली नाही. वारसाच्या नावावर ती करण्यासाठी आरटीओत फॉर्म ३१ भरावा लागतो. सोबत मृत्यूचा दाखला आणि वारसांची कागदपत्रं. खासगी गाडीची नोंदणी पहिल्यांदा १५ वर्षांची असते, पुढे दर ५ वर्षांनी फॉर्म २५ भरून तिचं नूतनीकरण करायचं. २० वर्षांपुढच्या मोटरसायकलला नूतनीकरणाची फी २०२५पासून २,००० रुपये झाली आहे. विलंबाचं शुल्क आणि पर्यावरण कर वेगळा. मुदत संपून किती वर्षं झाली त्यावर विलंबाचा आकडा ठरतो, म्हणून एकही सुटा भाग विकत घेण्याआधी तो काढून घे.

आणखी एक मेख आहे. त्या काळची आरसी बुकं हाताने लिहिलेली. तुमच्या गाडीची नोंद संगणकात चढवलीच गेली नसेल, तर आधी ‘बॅकलॉग एन्ट्री’ करून घ्यावी लागेल. त्यासाठी चेसिस आणि इंजिनवरचे नंबर बुकाशी तंतोतंत जुळायला हवेत. चेसिस नंबर वाचता येत नसेल तर वायर ब्रशने घासू नकोस. रॉकेलात भिजवलेल्या फडक्याने पूस आणि वरून पेन्सिलीने ठसा घे. पुढे कधी पावडर कोटिंग केलंस तर त्या जागेवर आधी चिकटपट्टी लाव. नंबर रंगाखाली गाडला गेला, तर तपासणीला गाडी नेऊन उपयोग नाही.

कोणी तरी ‘व्हिंटेज’ नोंदणीचा सल्ला देईल. ५० वर्षांपुढच्या आणि मूळ रूपातल्या गाड्यांसाठी २०२१ साली तसे नियम आले खरे. पण नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये, पुन्हा नोंदणीची ५,०००, आणि अशी गाडी रोजच्या कामाला वापरता येत नाही. तुला ती चालवायची आहे. साधं नूतनीकरणच परवडेल.

इंजिनाला हात लावण्याआधी एक नियम पाळ: जाम असेल तर किकवर उभं राहायचं नाही. जोर लावला की किकचे दाते तुटतात, रिंगा तुटतात, आणि शंभराचं काम हजारात जातं. स्पार्क प्लग काढायचा, भोकातून थोडं डिझेल सोडायचं आणि काही दिवस गाडी तशीच ठेवायची. नंतर वरच्या गिअरमध्ये मागचं चाक हाताने हलकेच मागेपुढे हलवून बघायचं. तरीही पिस्टन हलला नाही, तर हेड काढून पिस्टनवर लाकडी ठोकळा ठेवायचा आणि हळूहळू ठोकत तो मोकळा करायचा. पिस्टन मोकळा झाला तरी क्लच सुटेलच असं नाही. त्याच्या कॉर्कच्या प्लेटा वर्षानुवर्षं उभ्या राहून एकमेकींना चिकटतात. केसिंग उघडून त्या सुट्या कराव्या लागतात.

प्रत्येक नट काढण्याआधी मोबाइलवर फोटो काढ. एका जागेचे बोल्ट एका डबीत, डबीवर नाव. हे कंटाळवाणं काम टाळणारा माणूस जुळवणीच्या वेळी एक वॉशर हातात धरून बसतो.

टू-स्ट्रोकमध्ये लोक पिस्टनकडे बघतात आणि क्रँकच्या ऑइल सीलकडे दुर्लक्ष करतात. या इंजिनात क्रँककेसच पंपाचं काम करते, म्हणून ती हवाबंद राहिली पाहिजे. क्लचच्या बाजूचं सील गेलं की गिअरबॉक्समधलं ऑइल आत ओढलं जातं. पांढरा धूर निघत राहतो आणि ऑइलची पातळी आपोआप उतरते. दुसऱ्या बाजूचं गेलं तर बाहेरची हवा आत शिरते, मिश्रण पातळ होतं, ॲक्सिलरेटर सोडला तरी इंजिन भणभणत राहतं आणि शेवटी तापून पिस्टन धरतो. रबराचे हे दोन तुकडे स्वस्त असतात, पण त्यांच्यापर्यंत पोचायला इंजिन खोलावं लागतं. एकदा खोललंच तर जुनी सील परत बसवणं म्हणजे शुद्ध कंजुषी.

घरी काय करायचं आणि बाहेर काय द्यायचं, याचा निकष सोपा आहे. हाताने होतं ते घरी. मापाने होतं ते लेथवर. सिलिंडर बोअर करून ओव्हरसाइज पिस्टन बसवणं, कनेक्टिंग रॉडचं बेअरिंग बदलणं, प्रेसवर दाबून बसवलेला क्रँक पुन्हा सरळ करणं ही कामं यंत्राशिवाय होत नाहीत. तुम्ही कोल्हापुरात राहता हे नशीब. शिवाजी उद्यमनगरात मापाचं काम जाणणारे कारागीर आहेत. रॉड हाताने वर-खाली ओढून बघ. तिथे झोल लागला तर काम निघालं; बाजूला थोडी हालचाल असणं ठीक. पिस्टन मात्र आधी विकत घ्यायचा आणि बोअरिंग त्याच्या मापाने करून घ्यायचं.

रिंगा बसवताना एक बारीक गोष्ट. टू-स्ट्रोकच्या सिलिंडरच्या भिंतीत पोर्टची भोकं असतात. रिंगेचं टोक त्यात अडकू नये म्हणून पिस्टनच्या खाचेत छोटी पिन असते, आणि रिंगेचं तोंड तिथेच आलं पाहिजे. गजन पिनच्या सर्क्लिप नव्याच वापर. त्या बसवताना क्रँककेसच्या तोंडात स्वच्छ फडकं कोंबून ठेव. आत पडलेली सर्क्लिप बाहेर काढण्यात अख्खा दिवस जातो.

टाकीत नक्कीच गंज असेल. बाथरूम धुण्याचं ॲसिड त्यात ओतू नकोस. ते गंजाबरोबर पत्राही खातं आणि बाहेर सांडलं तर क्रोम घालवतं. व्हिनेगर भरून दोन-चार दिवस ठेव, मूठभर नट टाकून टाकी हलव, मग खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धू. पूर्ण वाळली की लगेच आत ऑइल फिरव, नाहीतर रात्रीतून नवा गंज धरतो. टाकीला झाळण हवं असेल तर ते घरी करायचं नाही. रिकाम्या टाकीतली पेट्रोलची वाफ भरलेल्या टाकीहून घातक असते.

कार्बोरेटरचे पितळी जेट तारेने टोचायचे नाहीत. भोक केसभर मोठं झालं तरी हिशेब बिघडतो. पेट्रोलात भिजवून हवेने फुंकायचे. पेट्रोलची रबरी नळी मात्र नवी घे. आता पंपावर २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. इथेनॉल जुनं रबर खराब करतं आणि हवेतलं पाणी शोषतं, म्हणून महिनोन्‌महिने टाकी भरून ठेवायची नाही. मिश्रणाला लिटरमागे ४० मिली टू-टी ऑइल, हे येझदीवाल्यांचं रूढ माप.

ठिणगी येत नसेल तर नवी कॉइल घेण्याआधी पॉइंट बघ. वर्षानुवर्षं उभ्या गाडीच्या पॉइंटवर पापुद्रा धरतो. पॉलिश पेपरने साफ करून फीलर गेजने ०.४ मिमी अंतर लावलं की बऱ्याचदा काम होतं. या गाडीत ठिणगी बॅटरीवर चालते, त्यामुळे ६ व्होल्टची बॅटरी मेलेली असेल तर किक मारमारून पाय दुखण्यापलीकडे काही होणार नाही.

ब्रेक आणि टायरमध्ये काटकसर नाही. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं, म्हणून ड्रममधली धूळ फुंकायची नाही. ओल्या फडक्याने पुसून फडकं टाकून द्यायचं. टायर वरून चांगले दिसले तरी कडक झालेले असतात. नवे घेताना बाजूवरचे चार आकडे वाच: ०९२५ म्हणजे २०२५च्या नवव्या आठवड्यात बनलेला.

सुट्या भागांसाठी पुण्यातली नाना पेठ आहे, बुधवार-रविवारचा जुना बाजार आहे. जुलैच्या दुसऱ्या रविवारी जावा-येझदी दिवस असतो. त्या दिवशी जमणाऱ्या लोकांपैकी निम्म्यांच्या घरी एखादा जास्तीचा भाग पडून असतो आणि तो कुठे बसतो हेही त्यांना पाठ असतं. विकत घेताना जुना भाग सोबत ने आणि दुकानातच माप जुळवून बघ.

खर्चाच्या वहीत तीन रकाने कर: सरकारी फी, सुटे भाग, बाहेरची कामं. जी रक्कम ठरेल तिचा चौथा हिस्सा बाजूला ठेव, कारण केसिंग उघडल्याशिवाय खरा आकडा कळत नाही. क्रोमचा रकाना यंदा नकोच. मूळ रंगावर साबणपाणी आणि थोडं पॉलिश पुरे. झिजलेला मूळ रंग नव्या घाईच्या रंगापेक्षा केव्हाही बरा दिसतो.

तोवर येणारा-जाणारा प्रत्येक जण गाडीला किक मारून बघतो, ते आधी बंद कर. आणि आरसी बुकाच्या पहिल्या पानाचा आणि चेसिस नंबरच्या ठशाचा फोटो या आठवड्यात पाठव. नंबर जुळले तरच पाना हातात घ्यायचा.

तुझा,
मामा