धाकट्याला दिलेला मान

हिंजवडीत आमच्या इमारतीमागच्या मैदानावर दर रविवारी संगणक कंपन्यांतली मुले क्रिकेट खेळतात. कर्णधार कोण, यावर त्यांची हुज्जत सुरू झाली की मला बाळू पालवणकर आठवतात.

जॅक डेम्प्सी १९१९ ते १९२६ मुष्टियुद्धाचा जगज्जेता होता. हॅरी विल्स हा कृष्णवर्णीय मल्ल त्याला आव्हान देत राहिला. लढत काही झाली नाही. पण अमेरिकेला नावे ठेवण्याआधी आपण पुण्याकडे पाहावे. चर्मकार समाजातले बाळू तिथे साहेबांच्या क्लबात मैदान राखता राखता, त्यांना सरावासाठी चेंडू टाकता टाकता तयार झाले. मग हिंदूंच्या संघाला ते हवेसे झाले. चहा मात्र बाहेर, मातीच्या भांड्यात! विटाळ चेंडूला नव्हता, कपाला होता.

१९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभरावर बळी घेतले. तरीही मुंबईच्या चौरंगी सामन्यांत हिंदूंचे कर्णधारपद त्यांना लाभले नाही. १९२० मध्ये उपकर्णधारपदावर बोळवण झाली. १९२३ मध्ये त्यांचे धाकटे भाऊ विठ्ठल कर्णधार झाले.

उशिरा का होईना, न्याय झाला, असे लोक म्हणतात. मला ते पटत नाही. थोरल्याचे देणे धाकट्याच्या हाती ठेवले, म्हणून थोरल्याचे खाते मिटत नाही. घर-जमीन वारसाला पोचते. मान ज्याचा त्यालाच, आणि वेळेवर द्यावा लागतो.