सुनेचे नाव कोणी ठेवायचे?

आपल्या घरात लग्न ठरले की हॉल कोणता, जेवणात काय, माणसे किती, याची चर्चा महिनाभर चालते. एका गोष्टीची मात्र चर्चा होत नाही. ती म्हणजे सुनेचे नाव. लग्न झाले की ताटात तांदूळ पसरायचे, नवऱ्याने अंगठीने त्यात एक नवे नाव लिहायचे, पेढे वाटायचे, आणि वीस-बावीस वर्षे ज्या नावाला मुलीने ओ दिली ते नाव एका दुपारी संपवायचे. बौद्ध विवाहविधीत याला कुठेही जागा नाही. त्रिशरण, पंचशील आणि वधूवरांची प्रतिज्ञा झाली की विवाह झाला. तरीही ही चाल आपल्या पुष्कळ घरांत मागच्या दाराने राहून गेली आहे.

माझ्या थोरल्या बहिणीचे नाव असेच बदलले. शाळेच्या दाखल्यावर माहेरचे नाव, भाऊजींच्या नोकरीच्या कागदावर सासरचे, आणि रेशनकार्डावर तिसरेच. घरात जी हाक मारत तीच तिथल्या माणसाने लिहून टाकलेली. भाऊजी होते तोवर काही अडले नाही. ते वारले आणि निवृत्तिवेतनाचे कागद भरायची वेळ आली, तेव्हा खिडकीपलीकडून प्रश्न आला, "या तीन बायका कोण?" प्रतिज्ञापत्र, राजपत्र, साक्षीदार यांत आठ महिने गेले. त्या आठ महिन्यांत ताईने उसनवारीवर घर चालवले. "मी मीच आहे, हे मलाच सिद्ध करावं लागलं गं," असे ती म्हणाली, ते माझ्या मनातून जात नाही.

बंधू-भगिनींनो, नावाची किंमत आपल्याला कोणी शिकवायला नको. शूद्राचे नाव ऐकणाऱ्याला किळस यावी असे असावे, असे मनुस्मृतीने सांगून ठेवले होते. ती मनुस्मृती बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला जाळली गेली. आपल्या आज्या-पणज्यांच्या काळात घरोघरी कचरू, धोंड्या, दगडू, भिक्या ही नावे होती. मूल जगावे, दृष्ट लागू नये म्हणूनही अशी नावे ठेवत, हे खरे. पण वाड्यावरून त्याच नावाला 'रे' लावून हाक यायची, हेही खरे. १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर एका पिढीत हे चित्र पालटले. सिद्धार्थ, गौतम, राहुल, मिलिंद, प्रज्ञा, यशोधरा, सुजाता. शाळेत हजेरी घेतली जाऊ लागली तेव्हा ही नावे मास्तरांच्या तोंडी आली. दुसऱ्याने लादलेले नाव टाकून देण्याचे मोल आपल्याइतके कोणाला ठाऊक असणार?

काही वर्षांपूर्वी आम्ही महिला मंडळातर्फे बुद्धगयेला गेलो होतो. महाबोधी विहाराच्या आवारात ब्रह्मदेशातून, म्हणजे आजच्या म्यानमारमधून आलेल्या बायका भेटल्या. त्यांच्यातल्या एकीला मोडके हिंदी येत होते. मी आपल्या सवयीने विचारले, "लग्नाआधीचं नाव काय?" तिला प्रश्नच कळेना. तिच्या देशात आडनावच नसते, आणि लग्नाने बाईचे नाव बदलत नाही. आपल्या पिढीने ज्यांचे नाव ऐकले ते संयुक्त राष्ट्रसंघाचे सरचिटणीस यू थांट यांचे नाव नुसते थांट. 'यू' म्हणजे आपले श्रीयुत. बाईच्या नावापुढे मानाने 'दॉ' लावतात. मूल ज्या वारी जन्मले त्या वाराच्या अक्षरावरून नाव ठेवायची रीत तिथे आहे. आंग सान सू ची यांच्या नावात वडिलांचे 'आंग सान', आजीचे 'सू' आणि आईचे 'ची' आहे. त्यांनी इंग्रज माणसाशी लग्न केले, नाव तेच राहिले.

तेव्हापासून मी या विषयावर मिळेल ते वाचत गेले. बौद्ध देश म्हटला की सगळीकडे सारखेच, असे नाही. थायलंडमध्ये १९१३ साली राजाने कायदा करून लोकांना आडनावे घ्यायला लावली. पुढे बायकोने नवऱ्याचेच आडनाव लावावे अशी सक्ती आली. ती २००३ साली तिथल्या घटना न्यायालयाने घटनाविरोधी ठरवली. जपानच्या कायद्याने नवरा-बायकोचे आडनाव एकच हवे. कोणाचे घ्यायचे ते जोडप्याने ठरवावे असे कायदा म्हणतो, पण बदलतात जवळजवळ सगळीकडे बायकाच. त्याविरुद्ध बायका न्यायालयात गेल्या. २०१५ आणि २०२१ साली सर्वोच्च न्यायालयाने तोच कायदा कायम ठेवला. उलट स्पेनमध्ये मुलाला आई आणि वडील दोघांची आडनावे मिळतात आणि लग्नाने बाईचे नाव बदलत नाही. मेघालयातल्या खासी समाजात मुलांना आईचे कूळ लागते. आणि तामिळनाडूत? १९२९ साली चेंगलपट्टूच्या स्वाभिमान परिषदेत पेरियार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जातीची आडनावे टाकण्याचा ठराव केला. आज तिथे बहुतेक लोक नावाआधी वडिलांच्या नावाचे एक अक्षर लावतात. म्हणजे रीत ही आभाळातून पडत नाही. माणसे ती पाडतात आणि माणसेच बदलतात.

गेल्या वर्षी माझ्या भाचीचे लग्न ठरले. तिचे नाव आजोबांनी ठेवलेले, तथागतांना खीर देणाऱ्या सुजातेचे. सुपारीच्या बैठकीत विहीणबाई म्हणाल्या, "नवं नाव आम्ही ठेवू हं. लाडाने ठेवतो, सून आपलीशी होते." त्यांच्या मनात वाईट काही नव्हते. आमच्या बाजूचे सगळे गप्प. भाचीच म्हणाली, "आई, तुम्ही मला लाडाने काहीही हाक मारा. पण माझं नाव आजोबांनी ठेवलंय, ते राहू द्या." बैठकीत कुजबुज सुरू झाली. तेवढ्यात कोपऱ्यात बसलेल्या मुलाच्या आजी बोलल्या, "मला कुणी इचारलंच न्हवतं. माझ्या म्हायेरच्या नावानं माझा भाऊ हाक मारायचा. त्यो गेला, तवापासनं त्या नावाची बाई बी गेली." मग कोणी काही बोलले नाही. लग्नपत्रिकेत नाव सुजाताच छापले गेले.

महाराष्ट्र शासनाच्या निर्णयाप्रमाणे १ मे २०२४ पासून जन्मलेल्या बालकाच्या नावापुढे आधी आईचे नाव, मग वडिलांचे आणि मग आडनाव लिहायचे आहे. उद्या नातवंडांच्या दाखल्यावर सुनेचे नाव येणार आहे. ते कोणते असावे? लग्नानंतर नाव बदललेच पाहिजे असा आपल्या देशात कायदा नाही. एखादीला स्वतःहून बदलावेसे वाटले तर तो तिचा हक्क. मात्र मग सगळ्या कागदांवर ते एकसारखे करून घ्यावे. माझी विनंती एवढीच, की तांदळाचे ताट मांडण्याआधी घरातल्या वडीलधाऱ्यांनी मुलीला एकदा विचारावे, आणि ती जे सांगेल ते ऐकावे.