खेचर

मराठीत ‘खेचर’ या शब्दाला दोन अर्थ आहेत. ‘ख’ म्हणजे आकाश. त्यात संचार करणारा तो खेचर, हा संस्कृतातून आलेला अर्थ. दुसरा अर्थ ओझे वाहणाऱ्या जनावराचा. हिंगोली जिल्ह्यात हा शब्द विशेष ओळखीचा आहे, कारण नामदेवांचे जन्मगाव मानली जाणारी नर्सी याच जिल्ह्यातली, आणि विसोबा खेचर त्यांना गुरू म्हणून भेटले ते औंढा नागनाथाच्या देवळात, असे परंपरा सांगते. आमच्या वर्गात विसोबांचे नाव निघाले की दबके हसू फुटते. मुलांना आधी जनावरच आठवते.

‘विमान’ या शब्दाचे नेमके उलटे झाले आहे. तो उच्चारताच पुष्पक आठवते, तुकोबांचे वैकुंठगमन आठवते; कारखाना आठवत नाही. म्हणूनच, भारतात पहिले विमान कोणी बांधले असे विचारले की वर्गातून ठाम उत्तर येते : शिवकर बापूजी तळपदे, 1895, गिरगाव चौपाटी. या उड्डाणाचा विश्वसनीय समकालीन पुरावा उपलब्ध नाही. ज्या ‘वैमानिक शास्त्रा’शी ही कथा जोडली जाते, त्यातली विमाने उडूच शकली नसती, असा निष्कर्ष बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील अभ्यासकांनी 1974 सालीच काढला होता. तरी कथा टिकते, कारण ती सोयीची आहे. तिच्यात हिशेब नाही, अपयश नाही, कामगार नाहीत.

खरी कथा याहून गुंतागुंतीची आणि आमच्या मते अधिक सुरस आहे. 1932 च्या ऑक्टोबरात अवघ्या आठवड्याच्या अंतराने दोन घटना घडल्या. 8 तारखेला हवाई दलाची स्थापना झाली. 15 तारखेला जे. आर. डी. टाटा टपाल घेऊन कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईस आले. लष्करी आणि नागरी, दोन्ही प्रवाह असे एकाच महिन्यातले. आमचा मुलूख तेव्हा निजामाच्या राज्यात होता, आणि तेथेही आकाश रिकामे नव्हते. निजाम सरकार व टाटा यांच्या भागीदारीतली डेक्कन एअरवेज 1940 च्या दशकात उभी राहिली, आणि 1953 च्या राष्ट्रीयीकरणात इंडियन एअरलाइन्समध्ये विलीन झाली. 1948 साली सिडनी कॉटन नावाचा ऑस्ट्रेलियन वैमानिक कराचीहून रात्री-अपरात्री निजामासाठी शस्त्रे आणीत होता, आणि त्याच वर्षी सप्टेंबरात भारतीय हवाई दलाची टेम्पेस्ट विमाने संस्थानावर झेपावली. मराठवाड्याच्या मुक्तीची गोष्ट आपण जमिनीवरून सांगतो. तिला आकाशाची बाजूही आहे.

आता बांधणीकडे येऊ. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी डिसेंबर 1940 मध्ये म्हैसूर संस्थानाच्या साहाय्याने बंगळूरला हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनी काढली. कोल्हापूरकडच्या हसूर गावचे विष्णु माधव घाटगे जर्मनीत गटिंगेनला लुडविग प्रांटल यांच्या हाताखाली वायुगतिकी शिकून आले होते. त्यांनी आखलेले एचटी-2 हे विमान ऑगस्ट 1951 मध्ये उडाले. ते लढाऊ नव्हते. नवशिक्यांना उडायला शिकवणारे, त्यांचे धक्के सोसणारे साधे दोन आसनी विमान होते. अशी दीडशेहून अधिक विमाने बांधली गेली, आणि वैमानिकांच्या पिढ्या त्यांवर शिकल्या. खेचर शब्दाचे दोन्ही अर्थ एका देहात पाहायचे असतील तर ते येथे : आकाशात फिरणारे आणि निमूटपणे ओझे वाहणारे.

तळपद्यांच्या नावावर चित्रपट निघतो. घाटग्यांचे नाव मराठी पदवीधराला क्वचितच ठाऊक असते. हा दोष केवळ विज्ञानशिक्षणाचा आहे, असे आम्हांस वाटत नाही. कोणती गोष्ट सांगण्याजोगी, हे ठरविण्याची सवय वाचकाला साहित्यातून लागते. चमत्कार आपल्या गद्याला चटकन पेलतो. आराखडा, चाचणी, पुन्हा आराखडा, हे पेलण्यासाठी वेगळे गद्य घडवावे लागते.

येथील रस्त्यांवर पहाटे भरतीसाठी धावणारी मुले दिसतात. त्यांतला एखादा हवाई दलात जातो आणि बहुधा विमानाच्या पंखाखाली, हातात पाना घेऊन उभा राहतो. त्याने सोबत कोणता अभिमान न्यावा, हा आमच्यापुढचा प्रश्न आहे. चौपाटीची दंतकथा पहिल्या प्रश्नासरशी कोसळेल. घाटग्यांची गोष्ट मात्र त्याच्या हातातल्या पान्याशी जुळेल.