आप्पांची झोळी

इंग्लंडात येऊन माणसाला नाना छंद लागतात. कुणी बागकाम करतं, कुणी कालव्याकाठी गळ टाकून बसतं. त्यातलाच एक थोडा वेडा छंद म्हणजे मेटल डिटेक्टर घेऊन शेतं धुंडाळणं. पीक निघालं की सप्टेंबर-ऑक्टोबरात कानाला हेडफोन लावलेली माणसं रिकाम्या रानातून डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे काठी फिरवत चाललेली दिसतात. लांबून पाहिलं तर गवत कापताहेत असंच वाटावं! २००९ साली स्टॅफर्डशरमधल्या एका शेतात अशाच एका हौशी माणसाला अँग्लो-सॅक्सन काळातलं सुमारे चार किलो सोनं सापडलं. त्याची किंमत झाली जवळजवळ ३३ लाख पौंड. बाकीच्यांच्या नशिबी खिळे, बाटल्यांची बुचं आणि ट्रॅक्टरचे नटबोल्ट. तरी कुणी घरी बसत नाही.

आमच्या घरात हे यंत्र आलं ते आप्पांमुळे. आई गेल्यानंतर त्यांना साताऱ्याहून सहा महिन्यांसाठी इथे डर्बीला आणलं. आम्ही दोघं नोकरीवर, मुलं शाळेत. एस्टीच्या डेपोत तीस वर्षं इंजिनं उघडून बसवलेला माणूस दिवसभर खिडकीशी बसून राही. "काय हवंय का?" विचारलं तर "काही नको" हे ठरलेलं उत्तर. महिनाभरानं म्हणाले, "माझं तिकीट अलीकडचं कर." मला काय बोलावं ते सुचेना.

त्याच आठवड्यात शेजारच्या गृहस्थांनी त्यांना आपल्या डिटेक्टरशी खेळू दिलं. भाषेची अडचण दोघांनाही भासली नाही. आप्पांनी आधी यंत्र उलटसुलट करून पाहिलं आणि मग मला विचारलं, "आत वाइंडिंग आहे ना?" आहेच. खालच्या चकतीतल्या एका गुंडाळीतून दर सेकंदाला काही हजार वेळा दिशा बदलणारा प्रवाह जातो. त्याच्या चुंबकीय क्षेत्रात धातू आला की त्या धातूत भोवऱ्यासारखे प्रवाह फिरतात आणि दुसरी गुंडाळी त्यांची चाहूल घेते. महिन्याभरात पहिल्यांदा त्यांनी मला लागोपाठ तीन प्रश्न विचारले. मी त्याच शनिवारी एक जुना डिटेक्टर विकत आणला.

अडचण एकच होती, त्यांचा उजवा खांदा. यंत्राचं वजन जेमतेम १.६ किलो, पण निम्मं वजन मुठीच्या पुढे लटकलेलं. पिशवीतले दीड किलो बटाटे वेगळे आणि काठीच्या टोकाला बांधलेले दीड किलो वेगळे. दहा मिनिटांत त्यांचा हात खाली आला. ते काही बोलले नाहीत, यंत्र भिंतीला टेकवून आत गेले.

दुसऱ्या महायुद्धात पोलिश अधिकारी कोसाकी यांनी बनवलेला सुरुंगशोधक सैनिक घेऊन फिरत, त्याचं वजन सुमारे १४ किलो होतं. एल अलामीनला १९४२ साली तो वापरला गेला. मग दीड किलोसाठी हार का मानायची? मी कागद-पेन्सिल घेऊन बसलो. आप्पा मागून येऊन म्हणाले, "दिंडीतला मृदंगवाला बघितलायस ना? पंढरपूरपर्यंत हातानं धरतो का तो?" बस्स! मास्टर्सला शिकलेलं सगळं या एका वाक्यात आलं. वजन हातानं धरायचंच नाही, गळ्यात अडकवायचं. हातानं फक्त दिशा द्यायची.

कुणाला करायची असेल तर कृती सांगतो. जुन्या लॅपटॉप-बॅगेचा रुंद पट्टा घ्यावा आणि शबनमसारखा तिरका, चांगल्या खांद्यावरून घालावा. आप्पांचा डावा. पट्ट्याचं लोंबतं टोक उजवीकडे बरगडीच्या खाली यावं. यंत्र एका बोटावर तोलून पाहावं. आमच्याकडे तोल मुठीच्या पुढे वीतभर अंतरावर मिळाला. तिथे दांड्याला वेलक्रोची पट्टी घट्ट गुंडाळून तिला कड शिवावी आणि पट्टा व कड यांच्यामध्ये बंजी कॉर्ड, म्हणजे सामान बांधायची रबरी दोरी, बांधावी. दोरीचा ताण मोजायला आम्ही एक किलो साखर आणि अर्धा किलो तूरडाळ पिशवीत घालून दाराला टांगली. यंत्र सोडून दिल्यावर चकती जमिनीच्या दोन बोटं वर तरंगली पाहिजे. खालच्या बाजूला लोखंडी हुक वापरू नये, प्लॅस्टिकचंच बकल लावावं. नाहीतर चकती जवळ आली की यंत्र आपल्याच झोळीला खजिना समजतं! चकतीच्या वायरला ढील ठेवावी.

खांद्याखाली गादी हवी होती. बायको जुना अभ्रा कापायला निघाली, तेवढ्यात आप्पा आत जाऊन आईचं एक मऊ झालेलं पातळ घेऊन आले. ते त्यांच्या बॅगेत होतं हे आम्हाला ठाऊकच नव्हतं. "एवढंसंच घे," म्हणाले. चार पदरी घडी करून त्यांनी स्वतःच टाके घातले. कुणीच काही बोललं नाही.

इथला कायदा साधा आहे. शेतमालकाची परवानगी हवी, संरक्षित स्मारकांच्या जागी यंत्र न्यायचं नाही आणि १९९६ च्या ट्रेझर अ‍ॅक्टप्रमाणे खजिन्यात मोडणारी वस्तू सापडली तर १४ दिवसांत कॉरोनरला कळवायचं. आप्पांना हे सांगितलं तर म्हणाले, "आपल्याकडेही १८७८ चा आहे. दहा रुपयांच्या वर गुप्तधन सापडलं तर कलेक्टरला कळवावं लागतं."

तिसऱ्या रविवारी त्यांना एक काळवंडलेलं नाणं मिळालं. १९१९ ची पेनी. अंगठ्यानं माती पुसली तर राजाच्या डोक्याभोवती लॅटिनमध्ये 'इंड इम्प' ही अक्षरं. हिंदुस्थानचा सम्राट! १९४९ च्या नाण्यांपासून ती अक्षरं गेली. नाणं शेतकऱ्याला दाखवलं, त्यानं हसून आप्पांच्या हातावर परत ठेवलं. आप्पा बराच वेळ ते निरखत होते. मग म्हणाले, "सम्राट मातीत गेला, आणि मी त्याच्या रानात फिरतोय." दोन तास झाले होते, खांद्याची तक्रार नव्हती. घरी येताना गाडीत ते सलग बोलत होते; डेपोबद्दल, पहिल्या पगाराबद्दल आणि आईबद्दलही.

तिकीट अलीकडचं करायची गोष्ट पुन्हा निघाली नाही. सहा महिने पूर्ण करून ते मार्चमध्ये परत गेले. पेनी बरोबर नेली, झोळी मात्र इथेच खुंटीला ठेवली. रबरी दोरी वर्षभरात सैल पडते, ती बदलावी लागते. सप्टेंबरात शेतं रिकामी व्हायच्या आत ते पुन्हा येताहेत. नवी दोरी आणून ठेवली आहे. ताण ते स्वतःच मोजणार आहेत, तूरडाळ घालून.