अर्धी भरलेली बॅटरी



दर अंकात आम्ही या पानावरून चार उपदेश करतो. या वेळी एक कबुली देणार आहोत.

२०२३ साली विश्वस्त मंडळाने शाळेच्या कार्यालयासाठी एक लॅपटॉप दिला. वस्तू लोकांच्या पैशाने आलेली, म्हणून तिला जिवापाड जपायचे आम्ही ठरवले. नियम केला की बॅटरी पार रिकामी होईपर्यंत वापरायची, मग रात्रभर लावून शंभर टक्के भरायची. मध्येच चार्जर जोडायचा नाही. जुन्या कॉर्डलेस फोनच्या वेळी कोणीतरी हे सांगितले होते, ते आम्ही घट्ट धरून ठेवले.

प्रोजेक्टर लावायला मदत करणारा नववीचा एक विद्यार्थी मात्र चाळीस-पन्नास टक्के दिसले की चार्जर जोडून टाकी. आम्ही त्याला सर्व वर्गासमोर रागावलो, "शाळेची वस्तू अशी बिघडवतोस?" तो एवढेच म्हणाला, "सर, या बॅटरीला असेच चांगले असते." आम्ही ऐकले नाही. आमचे बी.एस्सी. हिंदी माध्यमातून झाले. तिथे विजेच्या प्रभाराला 'आवेश' म्हणतात. त्या दिवशी आम्ही मराठीतल्या आवेशात होतो.

पुढे उन्हाळ्याची सुटी लागली. आम्ही बॅटरी शून्यावर आणली, लॅपटॉप प्लास्टिकमध्ये गुंडाळला आणि वरच्या मजल्यावरच्या लोखंडी कपाटात कुलूपबंद केला. वर पत्र्याचे छप्पर आणि इंदूरचा मे महिना! जूनमध्ये शाळा उघडली, तेव्हा चार्जर लावल्याशिवाय लॅपटॉप सुरूच होईना. पहिल्याच पालक सभेत लाइट गेली आणि बोलता बोलता पडदा काळा झाला.

कॉम्प्युटर दुरुस्तीचे काम करणाऱ्या एका पालकांनी तो उघडून पाहिला. बॅटरी संपली होती. त्यांनी सांगितले ते असे. पूर्वीच्या निकेल-कॅडमियम बॅटऱ्या पुन्हा पुन्हा अर्धवट वापरून भरल्या तर त्यांची क्षमता घटल्यासारखी होई, म्हणून त्या रिकाम्या करून भरत. लॅपटॉपची बॅटरी लिथियम-आयन प्रकारची असते. ती १९९१ साली बाजारात आली आणि तिच्या शोधासाठी २०१९ मध्ये तीन शास्त्रज्ञांना नोबेल पारितोषिक मिळाले. तिला तो जुना दोष नाही. पन्नास-पन्नास टक्के दोनदा भरले तरी मोजणीत चार्जिंगची एकच फेरी धरतात. बंद ठेवली तरी तिच्यातली वीज हळूहळू झिरपते. आधीच रिकामी असलेली बॅटरी त्यामुळे फारच खाली जाते, आतून बिघडते, आणि मग तिचे सुरक्षा सर्किट तिला चार्जच होऊ देत नाही. उष्णता तर तिची सर्वांत मोठी वैरी. म्हणजे आम्ही जपण्यासाठी जे जे केले, त्यानेच ती गेली.

नवी बॅटरी आम्ही स्वतःच्या खिशातून आणली. आता कार्यालयात नियम बदलले आहेत, ते घरीही उपयोगी पडतील. रोजच्या वापरात बॅटरी साधारण वीस ते ऐंशी टक्क्यांच्या दरम्यान ठेवावी. कधी गरजेपुरती पूर्ण भरली तर बिघडत नाही. दिवसभर चार्जर लावून काम करायचे असेल, तर पुष्कळ लॅपटॉपमध्ये ऐंशी टक्क्यांवर थांबण्याची सोय असते, ती चालू करावी. चार्ज होताना लॅपटॉप गादीवर किंवा उशीवर ठेवू नये, हवा कोंडते. सुटीत बंद ठेवायचा असेल तर अर्धी बॅटरी भरून, थंड व कोरड्या जागी ठेवावा आणि अधूनमधून पाहावा. बॅटरी फुगलेली दिसली तर वापर ताबडतोब थांबवावा. ती दाबू किंवा टोचू नये, जाणकाराला दाखवावी, आणि घरच्या कचऱ्यात मुळीच टाकू नये.

पैशाचे नुकसान भरून निघाले. त्या मुलाचे काय? तो आता आमच्या शाळेत नाही, पण त्याची धाकटी बहीण सहावीत आहे आणि हे पत्रक त्यांच्या घरी जाते. बाळ, तुझे बरोबर होते. रागावलो सर्वांसमोर, म्हणून चूकही सर्वांसमोर कबूल करतो. एकदा शाळेत ये. चार्जर कुठे असतो ते तुला ठाऊकच आहे.